मदत फाट्यावरून येते, शेजारी भिंतीपलीकडून
जयगडच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या भाचरांना आत्याचा कानमंत्र

बाळा, जयगडात घर लागलं हे ऐकून बरं वाटलं. समोर शास्त्री नदीची खाडी, पलीकडे तवसाळ, वर किल्ला. वारा तर फुकटच. तुमच्या जिन्यातली बिऱ्हाडंही किती तऱ्हेची! कुणी वीजप्रकल्पात पाळीवर, कुणी बंदरात, कुणी शाळेत शिकवणारं, कुणाचं घर होडीवर चालणारं, आणि दोन दारं गणपतीपर्यंत कुलूपबंद, मुंबईकरांची. सगळी भली माणसं आहेत हे मी धरूनच चालते. संकट वाईट माणसामुळे क्वचित येतं. बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी हातून राहून गेलेल्या छोट्याशा कामामुळे येतं.

एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेव. जयगड हे ग्रामपंचायतीचं गाव. रत्नागिरी शहर पंचेचाळीसेक किलोमीटर, महामार्गावरचा निवळी फाटाही लांबच. पावसातल्या रात्री, मालट्रकांच्या रांगेमागून वाट काढत बंब येईपर्यंत जो वेळ जातो, तो तुमचा तुम्हालाच निभावायचा असतो. म्हणून माझी पहिली म्हण लिहून घे: मदत फाट्यावरून येते, शेजारी भिंतीपलीकडून. आता बाकीचं सांगते. घाई करू नकोस, चहा घेत वाच.

गॅस आणि स्वयंपाकघर

१. रात्री झोपताना रेग्युलेटरची कळ फिरवून बंद कर, नुसतं शेगडीचं बटण नको — नळी रात्रभर गॅसने भरलेली राहिली तर तिला गेलेली बारीकशी चीरही पुरते.

२. नळी आयएसआय शिक्क्याची घे आणि पाच वर्षांनी बदल, दिसायला कितीही नवी वाटली तरी — रबर आतून कडक होतं, आणि उंदीर तुला विचारून कुरतडत नाही.

३. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरचं अक्षर वाच: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे — ती पुढच्या चाचणीची मुदत असते, आणि मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत पाठवता येतो.

४. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्याहून उंचावर, आणि ओट्याखालच्या कपाटाला तळाशी झरोके — हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो.

५. घरात वास आला तर लागलेला दिवा घालवू नकोस आणि गेलेला लावू नकोस. कळ बंद कर, दारं-खिडक्या सताड उघड, बाहेर ये आणि मग १९०६ फिरव — बटण लावतानाही ठिणगी पडते आणि बंद करतानाही.

६. वास शेजाऱ्याकडून येत असेल तर बेल दाबू नकोस, दार हाताने ठोठाव आणि हाक मार — बेलही विजेवरच वाजते.

७. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घे, आणि आंघोळीला गेलेलं माणूस वेळेत बाहेर आलं नाही तर हाक मारायला लाजू नकोस — कोंडलेल्या जागेत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस ओरडायच्या आधीच बेशुद्ध होतं.

८. कढईतलं तेल पेटलं तर पाणी मुळीच नको. गॅस बंद कर आणि कढईवर झाकण सरकव — पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती पेटतं तेल घरभर उडवते.

वीज आणि खारं वारं

९. बोर्डातल्या आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं, ते दर महिन्याला एकदा दाब; वीज गेली पाहिजे — ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटणारी ती कळ तुझा जीव वाचवायला बसवली आहे, ती जागी आहे की नाही हे तूच बघायचं.

१०. दर मेमध्ये वायरमनला बोलावून मीटरपेटी, अर्थिंगची तार आणि गच्चीवरच्या जोडण्या बघून घ्या — खारं वारं जिथे पोहोचतं, तिथे गंज आधी पोहोचलेला असतो.

११. कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी बांध, लोखंडी तार नको — ओल्या दिवसांत एखादी सोललेली वायर त्या तारेला टेकली की ओला टॉवेल टाकणाऱ्याच्या हातात वीज उतरते.

१२. हीटरचा रॉड बादलीत असताना पाण्यात बोट घालून ‘तापलं का’ बघू नकोस. आधी कळ बंद, मग पिन बाहेर, मग हात — सकाळच्या घाईत हा क्रम उलटा होतो, म्हणून तो पाठच करून टाक.

१३. विजेची स्कूटर जिन्याखाली लावून रात्रभर चार्ज करू नका. मोकळ्या जागी, जाग असताना, तिच्याच चार्जरने करा — बॅटरी पेटली तर धूर पहिल्यांदा जिन्यात चढतो, आणि तुमची उतरायची वाटही तीच.

१४. मीटरच्या कोनाड्यात केरसुण्या, रद्दी, गणपतीचं मखर असलं काही ठेवू देऊ नकोस — आगीला पहिला घास तिथेच मिळतो.

१५. वादळानंतर रस्त्यात तार पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं कधीच धरू नकोस. लांब उभं राहून लोकांना अडव आणि १९१२ ला कळव — ओली जमीनही वीज वाहून नेते.

जिना, गच्ची आणि आग

१६. जिना मोकळा, तर जीव मोकळा. सायकल, चपलांचं कपाट, तुळशीची जादा कुंडी, सगळं आत घे — धुरात डोळे मिटलेले असतात, तेव्हा पायाला लागलेली कुंडी माणसाला पाडते.

१७. गच्चीला कुलूप हवंच असेल तर किल्ली दाराजवळ काचेच्या पेटीत ठेवा, अध्यक्षांच्या खिशात नको — अध्यक्ष बाजाराला गेले म्हणून आग थांबत नाही.

१८. खिडकीला लोखंडी जाळी लावलीस ना? तिचा एक भाग आतून उघडणारा करून घे आणि महिन्यातून एकदा उघडून बघ — खाऱ्या हवेत बिजागरी जाम होते, आणि चोर बाहेर ठेवणारी जाळी घरच्यांना आत कोंडते.

१९. आग विझवायचं नळकांडं वापरायला आत्ताच शिक: पिन ओढ, नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धर, दांडा दाब, डावीकडून उजवीकडे फिरव, पाठ मात्र दाराकडे असू दे — ज्वाळेच्या शेंड्यावर मारलेली भुकटी वाया जाते, आणि विझलं नाही तर पळायची वाट मागे मोकळी हवी.

२०. नळकांड्यावरचा काटा हिरव्यात आहे का हे येता-जाता बघ, आणि समितीला आठवण दे की २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा दाखला जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा द्यायचा असतो — कागदाच्या निमित्ताने का होईना, कुणीतरी येऊन हात लावून बघतं.

२१. जिन्यात धूर भरला असेल तर खाली धावू नकोस. दार लाव, फटीत ओली चादर कोंब, खिडकीशी जाऊन हाका मार आणि लिफ्टला हात लावू नकोस — आगीत जळण्यापेक्षा धुराने गुदमरूनच माणसं जास्त जातात.

२२. धुरातून जावंच लागलं तर वाकून, जमिनीलगत जा — चांगली हवा खालीच उरलेली असते.

२३. शिमग्याच्या आधी इमारतीभोवतीचं वाळलं गवत कापून चारी बाजूंनी जमीन उघडी करा — सड्यावर पेटलेला वणवा आंब्याच्या बागा जाळत येतो. त्याला गवत दिसलं नाही तर तो तुमच्या कुंपणाशीच थांबतो.

पाऊस, वारा, दरड

२४. गच्चीची पन्हळं आणि जाळ्या मे संपायच्या आत साफ करा — रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वाट मिळाली नाही तर तो तुमच्या स्लॅबमधून वाट काढतो.

२५. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडचे नट-बोल्ट दर वर्षी आवळून घ्या आणि गंजलेले बदला — ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडाकडे किती घरांवरचे पत्रे कागदासारखे उडाले, ते कोकणाने पाहिलं आहे.

२६. पाऊस संपला म्हणून निर्धास्त होऊ नकोस, आणि सुरू व्हायचा आहे म्हणूनही नाही — फयान वादळ आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला आणि तौक्ते आलं ते २०२१ च्या मे महिन्यात.

२७. वादळाची सूचना आली की कुंड्या, खुर्च्या, पाण्याची रिकामी पिंपं आत घ्या, मोबाइल चार्ज करा आणि दोन दिवसांचं पिण्याचं पाणी भरून ठेवा — वीज गेली की पंप जातो, आणि पंप गेला की नळही जातो.

२८. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनमध्ये ठेव, आणि गडगडाट ऐकू आला की गच्चीवरचे कपडे भिजू दे — कपडे पुन्हा वाळतात.

२९. इमारतीमागे डोंगर कापून भिंत बांधली असेल तर तिच्यातली पाणी झिरपायची भोकं काडी घालून मोकळी ठेवा — मागे साठलेलं पाणी भिंत ढकलतं.

३०. डोंगराकडून गढूळ पाणी यायला लागलं, जमिनीला भेग पडली, झाडं कलली, तर रात्र असो वा पाऊस, बाहेर पडा — २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, तेव्हा सावरायला क्षणही मिळाला नाही.

३१. खांबाला उभा तडा, स्लॅबला फुगवटा किंवा गंजाचा तांबूस डाग दिसला तर त्यावर रंग मारून घेऊ नका, अभियंता बोलवा — आतली सळई गंजून फुगते, तेव्हाच काँक्रीट फुटतं.

साप, विंचू आणि चिरे

३२. रात्री गाडीपासून दारापर्यंत विजेरी लाव, फोनची असली तरी चालेल — पायाआधी उजेड टाकणाऱ्याला फुरसं सहसा चावत नाही.

३३. दाराबाहेरचे बूट घालण्याआधी उलटे करून झटक — विंचवाला अंधारी, कोरडी जागा आवडते, आणि तुझा बूट दोन्ही आहे.

३४. उरलेले चिरे, झावळ्या, सरपण इमारतीच्या भिंतीला लावून रचू नका आणि केर उघड्यावर टाकू नका — केराला उंदीर येतात, उंदरांमागे नाग-घोणस येतात, आणि चिऱ्यांच्या फटीत त्यांचं घर होतं.

३५. तळमजल्यावर जमिनीवर झोपत असलास तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोच — मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कळतही नाही. पहाटे पोट दुखलं आणि पापण्या जड झाल्या तर तो अपचनाचा त्रास समजून पडून राहू नकोस.

३६. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठ्या-बांगड्या काढ, तो हात-पाय हलू देऊ नकोस आणि १०८ ला बोलाव — प्रतिसर्पविष सरकारी रुग्णालयात मिळतं, मांत्रिकाकडे फक्त वेळ जातो.

३७. विंचू चावल्यावर पोराला दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हात-पाय गार पडले तर तासभर वाट बघू नका — लाल विंचवाचं विष हृदयावर जातं, आणि महाडला राहून डॉ. हिंमतराव बावसकरांनी दाखवून दिलं की प्राझोसिन वेळेत मिळालं तर माणूस वाचतं.

टाकी, विहीर आणि खाडी

३८. पाण्याच्या टाक्यांच्या झाकणांना कुलूप हवं, जमिनीतल्या टाकीला तर हवंच — चेंडूच्या मागे धावणारं पोर झाकणाकडे बघत नाही.

३९. विहिरीवर जाळी टाका आणि तिच्यावर कुणालाही बसू देऊ नका, तूसुद्धा बसू नकोस — वरून सळई शाबूत दिसते, पण चिऱ्यात रोवलेलं टोक आतून खाल्लेलं असतं.

४०. मैल्याच्या टाकीत कुणालाही उतरवू नका, कितीही पैशांवर तयार झाला तरी. यंत्राची गाडी बोलवा — आतला वायू एका दमात माणूस पाडतो, वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो, आणि २०१३ च्या कायद्याने असं उतरवणं गुन्हा आहे.

४१. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत तूही पाण्यापासून लांब राहा — होडी जिथे थांबते, तिथे शहाण्याचं पाऊल थांबतं.

४२. पाहुणे आले की किल्ल्याखालच्या कातळावर फोटो काढायची हौस येते, तेव्हा त्यांच्याबरोबर तू जा आणि भरतीची वेळ आधी विचारून घे — शेवाळलेला कातळ आणि खाडीच्या मुखाची ओढ पाहुण्यांना ओळखत नाही, तू ओळखतोस.

बाहेरून वास आला तर

४३. हा एक मंत्र पोरांकडून पाठ करून घे: वास घरचा तर खिडकी उघड, वास बाहेरचा तर खिडकी मीट — घरचा गॅस बाहेर घालवायचा असतो, बाहेरचा वायू आत येऊ द्यायचा नसतो.

४४. खिडक्या मिटल्या की पंखा, एसी आणि स्वयंपाकघरातला हवा खेचणारा पंखाही बंद कर, आणि नाका-तोंडावर ओलं फडकं धर — बाहेरची हवा आत ओढणारं प्रत्येक यंत्र त्या वेळी शत्रूच.

४५. बाहेर पडायला सांगितलं तर वाऱ्याबरोबर पळू नकोस. वारा गालावर लागेल असं, आडवं निघ — १९८४ च्या भोपाळमध्ये वायू ज्या दिशेने जात होता, त्याच दिशेला पळालेल्यांनी तो जास्त ओढला.

४६. मुलांच्या शाळेत अशा वेळी काय करायचं ठरलं आहे, हे शाळेत जाऊन विचार — १२ डिसेंबर २०२४ ला शेजारच्या नांदिवड्यात वायुगळतीने शाळकरी पोरांना त्रास झाला आणि त्यांना रत्नागिरीला रुग्णालयात न्यावं लागलं. त्या दिवशी प्रत्येक आईला एकच ठाऊक हवं होतं, पोर आत्ता कुठे आहे.

४७. जवळच्या कारखान्याचा किंवा बंदराचा भोंगा कसा वाजला म्हणजे काय समजायचं, ते तिथे काम करणाऱ्या शेजाऱ्याला विचारून जिन्यात लिहून लावा, आणि सराव ठेवला तर कंटाळा न करता जा — पाय एकदा चाललेली वाट घाबरल्यावरही विसरत नाहीत.

शेजार

४८. जिन्यातल्या माणसांची यादी करा: कोण रात्रपाळी करून दिवसा झोपतं, कोणाला चालता येत नाही, कोणाला कमी ऐकू येतं — धावपळीत सगळ्यात आधी हीच माणसं विसरली जातात.

४९. बाहेर पडल्यावर सगळ्यांनी कुठे जमायचं ती एक मोकळी जागा आजच ठरवा आणि प्रत्येक घराने आपली डोकी मोजून सांगायची — नाहीतर जो बाहेर सुखरूप आहे त्याला शोधायला कुणीतरी आत जातं.

५०. बंद घरांची एक किल्ली त्यांच्या मर्जीने शेजारी राहू दे, आणि गणपतीला ती उघडाल तेव्हा आधी खिडक्या, मग गॅसची नळी, मग विजेची मुख्य कळ असा क्रम ठेवा — वर्षभर बंद घरात पाल, उंदीर, गंज सगळेच राहून गेलेले असतात.

५१. नव्या भाडेकरूची नोंद पोलीस ठाण्यात करा आणि त्याच संध्याकाळी त्याला चहाला बोलवा. जिन्यातल्या सूचना हिंदीतही लिहा — नोंदीने माणूस कागदावर येतं, ओळखीने ते आपलं होतं, आणि ओळखीचं दार अंधारातही सापडतं.

५२. ‘आज रात्री वीज तोडणार’ असा निरोप आला तर त्यातली लिंक दाबू नकोस, आधी शेजाऱ्याला विचार. पैसे गेलेच तर लगेच १९३० फिरव — एकट्याला घाबरवणं सोपं असतं, दोघांना कठीण.

५३. हे आकडे दाराच्या मागे मोठ्या अक्षरात लाव: ११२ कुठल्याही संकटाला, १०८ रुग्णवाहिकेला, १०१ आगीला, १०७७ जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला, १०९८ मुलांसाठी, १०९३ किनाऱ्यावर संशयास्पद काही दिसलं तर — घाबरलेल्या माणसाला स्वतःचा नंबर आठवत नाही.

५४. फोनवर पत्ता सांगायचा सराव पोरांना दे: गाव, वाडी, इमारतीचं नाव, जवळची खूण — वाट शोधत आलेल्या बंबाची पाच मिनिटं वाचली, तर ती तुमची वाचलेली असतात.

एवढं सगळं एका दिवसात होणार नाही, हे मलाही कळतं आणि तुझा आळसही मला ठाऊक आहे. म्हणून येत्या रविवारी फक्त तीनच कामं कर. सकाळी आरसीसीबीचं बटण दाब, दुपारी जिन्यातली तुझी सायकल उचल, आणि संध्याकाळी समोरच्या घरी जाऊन विचार, ‘तुमच्याकडे दिवसा कोण झोपतं? आणि गॅसची कळ कुठल्या बाजूला आहे?’ पुढच्या रविवारी पुढची तीन. दिवाळीपर्यंत यादी संपेल, आणि तोवर जिन्यातली सगळी घरंही ओळखीची होतील. मग मी चार दिवस राहायला येईन, आणि आल्या आल्या तुझ्या गॅसच्या नळीवरची तारीख वाचेन. बदलून ठेव.